कंबरेतून पायात उतरणारी कळ: मूळ मणक्यात, कुल्ल्यात की आणखी कुठे?

नडगी_ते_कणा

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीनंतर ऑस्टिओपॅथी (हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करण्याची पद्धत) शिकणाऱ्यांना वारंवार अडवणारा प्रश्न इथे मांडते. एक नमुना धरू.

वय ४५, बैठं काम, रोज दुचाकीवर वीस-पंचवीस किलोमीटर. तीन आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यातून कळ निघते. ती मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरच्या कडेने पावलाच्या वरच्या भागापर्यंत जाते. बसलं की वाढते, चाललं की थोडी उतरते. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या (एल४-एल५) गादीला बल्ज, म्हणजे फुगवटा. हाताने तपासलं तर पिरिफॉर्मिस (कुल्ल्यातला खोल स्नायू) कडक आणि दाबल्यावर दुखरा. उजवीकडचं पुढचं कटीहाड डावीपेक्षा खाली वाटतं.

गादीमुळे नस दबली, पिरिफॉर्मिसने सायटिक नस (कंबरेतून पायात जाणारी मोठी नस) आवळली, सॅक्रोइलियाक सांधा (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि कटीहाड यांमधला) फिरला, ही तिन्ही स्पष्टीकरणं इथे बसतात. तिन्हींचे उपचार मात्र वेगळे. मग तपासणी कोणत्या क्रमाने करायची? कोणती खूण कुणाच्या बाजूने कौल देते? आणि कोणत्या परिस्थितीत मणक्याला हातच लावायचा नाही? नुसती चाचण्यांची नावं नकोत, ती चाचणी काय सांगते आणि कुठे फसवते हे हवं आहे.

कटीचक्र

पहिली गोष्ट क्रमाची. आधी नसांची तपासणी, मग हालचाली, आणि स्नायू-सांधे चाचपणं शेवटी. ऑस्टिओपॅथी शिकताना हात इतके तयार होतात की टेबलावर झोपवल्याबरोबर ते कडक जागा शोधू लागतात. आणि कडक जागा प्रत्येकाच्या अंगात सापडतेच. नसेचं मूळ (नस मणक्यातून निघते तो भाग) चिडलेलं असलं तरी कुल्ल्याचे स्नायू आपणहून आखडतात, त्यामुळे दुखरा पिरिफॉर्मिस हे कारण आहे की परिणाम, हे बोटांना कळत नाही. ते स्नायूंच्या ताकदीवरून, रिफ्लेक्सवरून (हातोडीने ठोकल्यावर स्नायू आपोआप उसळतो ती प्रतिक्रिया) आणि त्वचेच्या संवेदनेवरून कळतं.

सायटिक नस एल४ पासून एस३ पर्यंतच्या मुळांची बनते (एल म्हणजे कंबरेची, एस म्हणजे त्याखालच्या त्रिकोणी हाडातली मुळं). कळीचा नकाशा साधारण असा: एल४ ची कळ मांडीच्या पुढून गुडघ्यावर आणि नडगीच्या आतल्या बाजूला, एल५ ची नडगीच्या बाहेरून पावलाच्या वर आणि अंगठ्याकडे, एस१ ची पोटरीच्या मागून टाचेकडे आणि पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडे. तुमचा नमुना नकाशावर एल५ चा आहे. पण कळीच्या वाटेवर फार विसंबू नका, माणसामाणसात ती बरीच सरकते. बधिरपणा आणि ताकद जास्त खरं बोलतात.

ताकद तपासताना मोठ्या स्नायूंना हाताने ढकलून पाहण्यात अर्थ नाही. पोटरीचा स्नायू निम्मा कमकुवत झाला तरी तो तपासणाऱ्याच्या हाताला हरवतो. म्हणून एस१ साठी एका पायावर उभं करून टाच उचलायला लावा, भिंतीला नुसतं बोट टेकवून, सलग १० वेळा. दोन्ही बाजूंची तुलना करा: कितव्या वेळेला टाच कमी उचलली जाते, गुडघा कधी वाकायला लागतो. एल५ साठी टाचांवर १० पावलं चालवा आणि पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगा. अंगठ्याची ताकद एका बाजूला कमी असणं ही एल५ ची फार चांगली खूण. एल४ साठी एका पायावर स्टुलावर चढवा. रिफ्लेक्समध्ये गुडघ्याचा एल४ कडे बोट दाखवतो, घोट्याचा एस१ कडे. एल५ ला भरवशाचा रिफ्लेक्स नाही, म्हणून 'रिफ्लेक्स नॉर्मल आहेत, नस ठीक आहे' हे वाक्य एल५ च्या बाबतीत चालत नाही.

मग सरळ पाय उचलण्याची चाचणी. तिला लासेगचं नाव पडलं असलं तरी ती छापली त्यांच्या विद्यार्थ्याने, फोर्स्टने, १८८१ मध्ये. सर्बियाच्या लाझारेविच यांनी त्याच्या एक वर्ष आधी ती मांडली होती. पहिल्या ३० अंशांपर्यंत नसेतली ढील निघते, ३० ते ७० अंशांत एल५-एस१ ची मुळं काही मिलिमीटर खाली ओढली जातात, आणि ७० च्या पुढे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) व श्रोणीचे सांधे बोलू लागतात. चूक होते ती 'दुखलं म्हणजे पॉझिटिव्ह' असं लिहिण्यात. नुसता मांडीमागे ताण आला तर तो हॅमस्ट्रिंगचा असू शकतो. ओळखीची तीच कळ गुडघ्याखाली गेली पाहिजे. खात्री करायला, कळ येते तिथून पाय थोडा खाली आणा, कळ थांबली की गुडघा न हलवता पाऊल वर ओढा. पाऊल वर ओढल्याने हॅमस्ट्रिंग ताणला जात नाही, नस ताणली जाते. कळ परत आली तर ती नसेची.

ही चाचणी गादीच्या बहुतेक रुग्णांत पॉझिटिव्ह येते, पण इतर कारणांतही येते. उलट, दुखत नसलेला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ उतरली तर गादी बाहेर आल्याचा संशय बराच पक्का होतो, मात्र ती खूण थोड्याच जणांत मिळते. कळ मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर पालथं झोपवून गुडघा वाकवा; वरच्या कंबरेची मुळं तिथे सापडतात.

नसेचा_माग

पिरिफॉर्मिसबद्दल थोडं, कारण हे निदान फार सैल हाताने वाटलं जातं.

सुमारे ८५ टक्के लोकांत सायटिक नस या स्नायूच्या खालून बाहेर येते. उरलेल्यांत ती किंवा तिचा एक भाग स्नायूतून किंवा वरून जातो. पण अशी वेगळी रचना असलेले कितीतरी लोक आयुष्यभर ठणठणीत असतात, तेव्हा रचना म्हणजे रोग नव्हे.

एल५ चं मूळ मणक्यात दबलं आहे की नस कुल्ल्यात दबली आहे, हे वेगळं काढणारी सोपी गोष्ट म्हणजे ग्लुटियस मीडियस, खुब्याच्या बाजूचा स्नायू. त्याला जाणारी नस पिरिफॉर्मिसच्या वरून निघते. त्यामुळे कुशीवर झोपवून पाय वर उचलून धरायला सांगितल्यावर ती बाजू कमकुवत निघाली, किंवा एका पायावर उभं राहिल्यावर दुसरीकडचा खुबा खाली पडला, तर दोष पिरिफॉर्मिसच्या वर, बहुतेक मुळाशी आहे. स्नायूखाली नस आवळली गेली तर हा स्नायू वाचतो. (खुब्याचा सांधा किंवा त्या स्नायूचा कंडरा स्वतः दुखत असेल तर ही खूण गढूळ होते, तेवढं सांभाळा.)

पिरिफॉर्मिसच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी: कंबर फारशी दुखत नाही, कळ कुल्ल्याच्या खोलातून सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं कडक जागी बसलं की वाढते, खोकला-शिंकेने फरक पडत नाही, घोट्याचा रिफ्लेक्स शाबूत. खुबा ६० अंश वाकवून, मांडी आत आणून, आतल्या बाजूला फिरवल्यावर तीच कळ उतरते. खोकताना, शिंकताना किंवा संडासात कुंथताना पायात चमक गेली तर मात्र पुन्हा मणक्याकडे या.

आणि ताण देताना होणारी एक नेहमीची चूक. खुबा ९० अंशांच्या पुढे वाकला की पिरिफॉर्मिसचं काम उलटं होतं: बाहेर फिरवणारा स्नायू आत फिरवणारा बनतो. म्हणून गुडघा छातीकडे आणून ताण द्यायचा तर मांडी बाहेर फिरवायची, घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवतो तशी. कमी वाकलेल्या खुब्यात ताण द्यायचा तर आत फिरवायची. आणि नसच चिडलेली असेल तर हे ताण दोन-तीन आठवडे बाजूला ठेवलेले बरे. स्नायू मोकळा करण्याच्या नादात नस ओढली जाते आणि रात्री ठणका लागतो.

सॅक्रोइलियाकची कळ सहसा एल५ च्या पातळीखाली, पाठीमागच्या खळगीच्या आसपास एका बोटाने दाखवता येते. ती मांडीत जाते, क्वचित गुडघ्याखालीही, पण तिच्यात बधिरपणा आणि ताकदीची घट नसते. एकाच चाचणीवर निदान करू नका. श्रोणी पसरवणं, दाबणं, मांडीतून मागे ढकलणं, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडावरून दाबणं आणि गेन्सलेन (एक गुडघा छातीकडे धरून दुसरा पाय टेबलाखाली सोडणं), यांतल्या निदान ३ चाचण्यांनी तीच ओळखीची वेदना उठली पाहिजे. त्याआधी वारंवार पाठ मागे-पुढे वाकवून कळ वरखाली सरकते का ते पाहा. सरकली तर तो मणका आहे, सॅक्रोइलियाकच्या चाचण्या कितीही पॉझिटिव्ह येवोत.

दीपस्तंभ_४

वरचं सगळं करण्याआधी दोन मिनिटांचे प्रश्न. हे चुकले तर बाकीच्या कौशल्याला किंमत नाही.

लघवी अडते का, लागल्याची जाणीव कमी झाली आहे का, नकळत होते का? शौचावरचा ताबा? सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग, म्हणजे जांघेच्या आतून गुदद्वारापर्यंतची त्वचा, बधिर वाटते का? पुसताना स्पर्श वेगळा लागतो का? दोन्ही पायांत एकदम कळ आहे का? लैंगिक संवेदनेत फरक? लोक हे आपणहून सांगत नाहीत. आपल्याकडे तर लाजेने हमखास लपवतात, म्हणून सरळ शब्दांत विचारा. यातलं एक जरी 'हो' आलं तर कॉडा इक्विना (कण्याच्या खालच्या टोकातला नसांचा जुडगा दबणं) समजून त्याच दिवशी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात पाठवा. दाब काढायला ४८ तासांपेक्षा उशीर झाला तर मूत्राशय पूर्ववत होण्याची शक्यता घसरते. 'उद्या बघू' हे उत्तर इथे नाही.

दिवसागणिक पाऊल जास्त लोंबत असेल तर तेही तातडीचं. ताप, रात्री घाम, वजन घटणं आणि झोपूनही न थांबणारं दुखणं असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग पहिल्या दोन-तीन शक्यतांत धरा. कॅन्सरचा पूर्वेतिहास, दीर्घकाळ स्टेरॉइड, म्हातारपणात किरकोळ पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, या सगळ्यांत मणक्याला झटका देणं बंद.

आता मणक्याबाहेरची कारणं, जी सायटिका म्हणून महिनोन्महिने दाबली-चोळली जातात:

चालल्यावर पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत थांबते, तर रक्तवाहिनी पाहा, विशेषतः विडी-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी दोन्ही बाजूंना चाचपा. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९ च्या खाली आला तर तो रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचा रुग्ण. याउलट मणक्याची नळी अरुंद झाली असेल तर उभं राहून आराम मिळत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सायकल चालवू शकतो, पण बाजारात पाच मिनिटं सरळ चालू शकत नाही.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत जळजळ आणि बधिरपणा, ताकद पूर्ण, गुडघ्याखाली काहीच नाही: ही मांडीच्या त्वचेची नस जांघेशी दाबली जाते. कारण बहुधा घट्ट पट्टा, घट्ट जीन्स, वाढतं पोट, गरोदरपण किंवा कचकचून बांधलेली परकराची नाडी. तिथे मणक्यावर उपचार करणं व्यर्थ.

दोन्ही तळव्यांना मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही: साखर आणि बी१२ तपासा. शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणारे, दोघांतही बी१२ कमी सापडतं. एका पट्ट्यात नुसती आग होते आणि तीन-चार दिवसांनी पुरळ उठतं: नागीण.

पाऊल लोंबतं पण कंबर कधी दुखलीच नाही, तर गुडघ्याच्या बाहेर हाडाच्या गोळ्याशी दबलेली पेरोनियल नस आठवा. तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांत किंवा पायावर पाय टाकून बसणाऱ्यांत ती दबते. एल५ शी घोळ होतो तो इथे मिटवा: पाऊल आत वळवण्याची ताकद तपासा. ते काम करणारा स्नायू एल५ चाच, पण त्याची नस वेगळी. एल५ मूळ गेलं तर पाऊल आतही वळत नाही. पेरोनियल गेली तर वर उचलत नाही, पण आत वळतं.

नडगी_ते_कणा

सगळ्यांचे आभार. पाऊल आत वळवण्याची खूण आणि ग्लुटियस मीडियसची खूण एकत्र लावली की एल५, पेरोनियल आणि पिरिफॉर्मिस तिन्ही वेगळे होतात, हे आता नीट बसलं.

दोन शंका उरतात. एल४-एल५ ची गादी बाहेर आली तर एल४ चं मूळ दबायला हवं, एल५ चं का? आणि एमआरआयमधला बल्ज कितपत मनावर घ्यायचा? लोक अहवाल घेऊनच येतात आणि 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य आधीच डोक्यात पक्कं असतं. शिवाय कटीहाड खाली-वर वाटण्याचं काय करायचं, हे कुणी बोललं नाही.

कटीचक्र

मूळ आपल्या गादीच्या वरच्या भागातूनच बाहेर पडून जातं. गादी बहुतेक वेळा मागे आणि किंचित बाजूला फुगते, तिथून खाली निघालेलं पुढचं मूळ जात असतं. म्हणून एल४-एल५ ची गादी एल५ ला आणि एल५-एस१ ची गादी एस१ ला पकडते. कंबरेतल्या गाद्यांचे जवळपास ९५ टक्के हर्निएशन (गादी बाहेर येणं) या दोन पातळ्यांवर होतात. अपवाद: गादी अगदी बाजूला, छिद्राच्या बाहेर फुटली तर एल४-एल५ लाही एल४ सापडतं. आणि एल५ चा मणका कमानीतल्या भेगेमुळे पुढे सरकला असेल तर एल५-एस१ च्या पातळीवर एल५ अडकतं. म्हणून नकाशा आणि अहवाल जुळले नाहीत तर अहवालातल्या 'फोरामेन' (मूळ बाहेर पडतं ते छिद्र) आणि 'लिस्थेसिस' (मणका सरकणं) या दोन ओळी पुन्हा वाचा.

बल्जचं म्हणाल तर कधीही पाठ न दुखलेल्या लोकांच्या स्कॅनवरचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये आकडे आले: विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत बल्ज होता. म्हणजे पंचेचाळिशीत बल्ज सापडणं ही बातमी नाही. अहवालात मूळ कुठे ढकललं गेलंय, बाजू तीच आहे का, पातळी तीच आहे का, एवढं पाहायचं.

आणि नुसता दाब दुखत नाही. गादीच्या आतला गर बाहेर आला की तो मुळाशी सूज आणतो, टीएनएफ-अल्फासारखी रसायनं मुळाला चिडवतात. म्हणून छोटा तुकडा असह्य कळ देतो आणि मोठा बल्ज गप्प बसतो. उलट आनंदाची बाब ही की जेवढी गादी जास्त बाहेर, तेवढी ती विरघळण्याची शक्यता जास्त. एकत्रित आकडेवारीत तुटून सुटा झालेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत आपोआप लहान झाला, बाहेर आलेली गादी ७० टक्क्यांत, साधा बल्ज मात्र १३ टक्क्यांतच. हे रुग्णाला आकड्यांसह सांगा. 'गॅप'ची भीती कमी करणारं याहून चांगलं औषध नाही.

हस्तस्पर्श

कटीहाडाबद्दल. ऑस्टिओपॅथी १८७४ मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मांडली, १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला शाळा काढली. तेव्हाची 'हाड जागेवरून हललं' ही भाषा आजही क्लिनिकांत चालते, आणि तीच सोडायला हवी. हाडांच्या उंचीतला फरक दोन परीक्षकांना सारखा लागेलच असं नाही. सॅक्रोइलियाक सांधा मुळात फार थोडा हलतो, आणि वेदना नसलेल्या लोकांतही श्रोणी असमान असते. कटीहाड खाली लागलं तर नोंद करा, निदान करू नका. कधी कधी ती नुसती मुळाला वाचवण्यासाठी शरीराने घेतलेली एका बाजूची झुकण असते. ती 'सरळ' करायला गेलं की कळ पायात खाली उतरते.

मग ऑस्टिओपॅथी देते काय? माझ्या मते तिचं खरं बळ 'हीच नस का चिडली आणि चिडकीच का राहते' हे विचारण्यात आहे. नस पाठीपासून तळव्यापर्यंत एक सलग दोरी आहे. खुबा आतल्या बाजूला फिरत नसेल तर प्रत्येक वाकण्यात कंबर जास्त वाकते. छाती-पाठीचा भाग ताठ असेल तर वळण्याचा भार खालच्या दोन गाद्यांवर येतो. बाराव्या बरगडीच्या आसपासच्या, म्हणजे छाती आणि कंबर जुळतात त्या मणक्यांतून निघालेल्या त्वचेच्या नसा कटीहाडाच्या कडेवरून, मध्यरेषेपासून सुमारे ७ सेंटिमीटरवर, कुल्ल्यात उतरतात. रॉबर्ट मेन्य या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे त्यांचं दुखणं कुल्ल्याला, जांघेला आणि मांडीच्या बाहेर जाणवतं. तिथे चिमटीत धरून त्वचा गुंडाळली की एका बाजूला झोंबते. हे न पाहता एल५ वर काम करत बसतात.

तुमच्या नमुन्यात, धोक्याच्या खुणा नाहीत आणि ताकद स्थिर आहे असं धरून, पहिली भेट: दुखरी बाजू वर करून कुशीवर, गुडघ्यांत उशी. कंबरेच्या कडेचे स्नायू मंद लयीत ६ ते ८ मिनिटं. मग छातीचा कणा आणि खुबा हलक्या लयबद्ध हालचालींनी मोकळा करा. पिरिफॉर्मिससाठी मसल एनर्जी: पालथं, गुडघा ९० अंश, पाऊल बाहेर पडू द्या. रुग्णाने पाऊल आत आणायचा प्रयत्न करायचा, तुम्ही रोखायचं. जोर त्याच्या ताकदीच्या पाचव्या हिश्शाएवढा, ५ सेकंद. सोडा, ढील मिळेल तेवढीच घ्या, ३ ते ५ वेळा. इथे दोन चुका होतात. रुग्ण पूर्ण जोर लावतो, आणि आपण सोडल्याबरोबर ओढतो. पालथं झोपणं सहन होत नसेल तर काउंटरस्ट्रेन: आराम मिळेल त्या स्थितीत ९० सेकंद, आणि परत आणताना अगदी सावकाश. घाईने परत आणलं की स्नायू पुन्हा आखडतो आणि सगळं फुकट जातं.

कंबर फिरवून 'कट' आवाज काढणारा झटका या नमुन्यात पहिल्या भेटीत देऊ नये. बधिरपणा किंवा ताकदीची घट असेल तर अजिबातच नाही. प्रत्येक भेटीच्या आधी आणि नंतर तीनच गोष्टी मोजा: पाय किती अंश उचलला जातो, अंगठ्याची ताकद, कळ सर्वांत खाली कुठपर्यंत. उपचारानंतर ताकद कमी झाली तर तिथेच थांबा आणि पाठवा.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहा. फ्रान्समध्ये ४०० कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध चाचणीत खोट्या उपचाराच्या तुलनेत फायदा निघाला, पण इतका छोटा की रोजच्या जगण्यात तो जाणवेलच असं नाही. गादीच्या सायटिकावर २००० सालची ब्रिटनमधली ४० रुग्णांची चाचणी आहे. ऑस्टिओपॅथी विरुद्ध गादी विरघळवणारं इंजेक्शन. सुरुवातीच्या आठवड्यांत हातांनी आराम लवकर, बारा महिन्यांनी दोन्ही सारखे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेचा सल्ला असा: हाताचे उपचार व्यायामासोबत, एकटे नाहीत. तीच संस्था सायटिकासाठी प्रीगाबालिन-गाबापेंटिन (नसेच्या दुखण्यावरची औषधं) देऊ नका म्हणते, आणि आपल्याकडे ते सर्रास लिहिलं जातं. चालू असेल तर मात्र एकदम बंद करायला सांगू नका, ते डॉक्टरांनी हळूहळू उतरवायचं.

अजून एक. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी सक्तीची आहे, अमेरिकेत ते पूर्ण डॉक्टर असतात. आपल्याकडे या नावाला तसं कायदेशीर संरक्षण नाही. त्यामुळे मूळ पदवी काय, हे रुग्णाने विचारावं आणि आपण न विचारता सांगावं.

रोजची_चाल

टेबलावरच्या अर्ध्या तासापेक्षा उरलेले साडेतेवीस तास महत्त्वाचे, म्हणून थोडं त्यावर.

१९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ गादीत दाबमापक ठेवून मोजलं गेलं: झोपल्यावर ०.१, उभं राहिल्यावर ०.५, पुढे वाकल्यावर १.१, आणि २० किलो वजन पाठ वाकवून उचलल्यावर २.३ मेगापास्कल. गुडघ्यांतून उचललं तर तेच १.७. शिवाय रात्रभरात गादी पाणी शोषते आणि तिचा दाब दुपटीहून जास्त होतो. म्हणून उठल्यानंतरचा पहिला तास पुढे वाकायचं नाही. बादली उचलणं, आखूड केरसुणीने झाडणं, फरशी पुसणं, खाली बसून चपलेचा पट्टा लावणं, सगळं तासभर पुढे ढकला. सकाळी उठल्या उठल्या पवनमुक्तासन आणि पश्चिमोत्तानासन करणाऱ्यांची कळ का वाढते, याचंही उत्तर इथेच आहे.

उकिडवं बसायचा संडास तीव्र काळात टाळा, कमोड वापरा. खोल बैठकीत कंबर पूर्ण वाकते आणि वर कुंथण्याचा दाब. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ झालं असेल तर ते आधी सोडवा: पाणी, इसबगोल. पहिले दोन आठवडे दुचाकी बंद. जावंच लागलं तर मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा आणि खड्डा आला की सीटवरून किंचित उठा. झोपताना कुशीवर गुडघ्यांत उशी, उताणं असेल तर गुडघ्यांखाली. दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. दर दोन तासांनी ५ ते १० मिनिटं सपाट जागी चाला.

नस सरकवण्याचा व्यायाम: खुर्चीत ताठ बसा. गुडघा सरळ करताना मान वर छताकडे. गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे. असं १० वेळा, दिवसातून २-३ वेळा, कुठेही न थांबता. मान आणि पाय उलट दिशेने चालले की नस एका टोकाला सुटते आणि दुसऱ्या टोकाला ओढली जाते, म्हणजे ती सरकते, ताणली जात नाही. मान खाली आणि पाय सरळ एकाच वेळी केलं तर तो ताण होतो, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. मुंग्या वाढून अर्ध्या तासात उतरल्या नाहीत तर फेऱ्या निम्म्या करा.

नडगी_ते_कणा

शेवटची शंका. पालथं झोपून कोपरांवर, मग हातांवर छाती उचलण्याचा व्यायाम दिला आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण म्हणाला, पोटरीची कळ गेली पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखते. थांबवायचा का?

कटीचक्र

थांबवू नका, हे चांगलं लक्षण आहे. कळ पावलाकडून कंबरेकडे परतत असेल तर वर कितीही ठणकलं तरी दिशा बरोबर. १० वेळा, दर २-३ तासांनी चालू ठेवा. कंबर-कुल्ला जमिनीला टेकलेला असावा, हातांनी उचलावं, पाठीच्या जोराने नाही. उलट कंबर हलकी झाली आणि कळ पोटरीतून घोट्यात उतरली, किंवा बधिरपणा पसरला, तर रुग्ण 'बरं वाटतंय' म्हणाला तरी त्याच क्षणी बंद. साठीपुढच्या, चालल्यावर पाय भरून येणाऱ्या माणसाला हा व्यायाम देऊच नका. पाठ मागे गेली की नळीच्या मागचा अस्थिबंध आत दुमडतो आणि अरुंद नळी आणखी अरुंद होते. त्याला पुढे वाकणारे व्यायाम आणि सायकल द्या.

सहा आठवड्यांत कळीचं खालचं टोक जराही वर आलं नसेल तर मणक्याच्या शल्यचिकित्सकांचं मत घ्यायला पाठवा. सोबत पहिल्या दिवसापासूनचे पाय उचलण्याचे अंश, टाच उचलण्याचे आकडे आणि अंगठ्याच्या ताकदीची नोंद लिहून द्या.